तळ्यापासून मागे सरकत आलेला मुक्काम

स्मरणिकेतल्या वाटचालीत एक वाक्य हमखास असतं: छोट्याशा रोपट्याचा आज वटवृक्ष झाला. एका खोलीत सुरू झालेली शाळा दुमजली झाली, पतसंस्थेच्या चार शाखा निघाल्या, सभासद शंभराचे हजार झाले. नागझिऱ्याच्या तळ्याकाठच्या विश्रामगृहांची वाटचाल लिहायला घेतली की हे वाक्य पहिल्याच ओळीत अडतं. झाडं इथे आधीपासून होती. आणि ही संस्था वाढत गेलीच नाही. (संस्थाच म्हणतो, कारण महाराष्ट्रातल्या कितीतरी माणसांना पहिलं रान तिनेच दाखवलं.) ती मागे सरकत आली. आधी पाण्याला टेकून बसलेली, मग जंगलाच्या दारात आणि आता आमच्या गावांच्या अंगणात.

मी एकोडीच्या बाजूने लिहितो आहे. एकोडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा. गोंदिया तालुक्यातही एक एकोडी आहे, तेव्हा गाडीवाल्याला नीट सांगा, नाहीतर जंगलाच्या भलत्याच अंगाला उतराल. आमचा मुलूख धानाचा. बांधाबांधांनी शिवलेली शेतं, मधे मधे बोड्या म्हणजे लहान तळी, प्रत्येक गावाला एखादा तलाव. मागे नागझिऱ्याचे डोंगर. शहरातून पाहुणा आला की चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत त्याचा प्रश्न ठरलेला असतो: आत राहायला मिळतं का? या प्रश्नाचं उत्तर दर पिढीला बदलत गेलं, आणि हा लेख म्हणजे त्या उत्तरांचीच गोष्ट आहे.

आधी नावं बघा. नागझिरा, पिटेझरी, उमरझरी, मंगेझरी, थाडेझरी, पोंगेझरा. या रानात नाव ठेवणाऱ्यांनी डोंगर मोजले नाहीत की झाडं, झरे मोजले. नागझिरा या नावात नाग आहे तो नागोबाच्या ठाण्याचा, आणि झिरा आहे तो डोंगरातून पाझरणाऱ्या, उन्हाळ्यातही न आटणाऱ्या पाण्याचा. भंडारा-गोंदियाच्या उन्हात मे महिन्यात ज्याने बोडीचा तळ भेगाळलेला पाहिला आहे, त्याला हे नाव ठेवणाऱ्याचं शहाणपण कळेल. पाणी तिथे जनावर, जनावर तिथे माणूस. मग तो माणूस बंदूक घेऊन येवो, दुर्बीण घेऊन येवो की मोबाइल.

पण झरे निसर्गाचे असले तरी तळी बहुतेक माणसांनी बांधलेली आहेत, आणि हे शहरातल्या पाहुण्याला सांगावं लागतं. तळ्याच्या काठावर उभा राहून तो 'किती नैसर्गिक!' म्हणतो तेव्हा आमच्याकडची म्हातारी माणसं गालातल्या गालात हसतात. ज्याला तो टेकडी समजतो ती पाळ असते. झाडीबोलीत ळ टिकत नाही, म्हणून आम्ही तिला पार म्हणतो. जादा पाणी जातं ते सलंगावरून आणि शेताला सुटतं ते तुडुमातून. हे तीन शब्द ज्याला माहीत नाहीत त्याने भंडाऱ्याचं तळं पाहिलं असं मी मानत नाही. ही तळी बांधली ती मुख्यतः कोहळी समाजाने. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधील त्याला जमीन, गाव, मान मिळे. पाण्याचा उतार नजरेने ओळखणारी, मातीची पाळ कुठे फुटेल हे आधी सांगणारी ती माणसं होती.

त्यांच्या कामाचा कळस म्हणजे नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात. डोंगरांच्या मधल्या खिंडी तेवढ्या बांधून काढल्या आणि सुमारे 11 चौरस किलोमीटरचं पाणी अडवलं. भोवतालच्या शिखरांना सात बहिणी म्हणतात आणि कोलू पाटलाचा पुढे कोलासूर देव झाला. तलाव बांधणारा देव होतो हे आमच्या भागाचं स्थापत्यशास्त्र आहे आणि धर्मशास्त्रही. पाण्यात मालडोंगरी नावाचं बेट आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून बदकं येतात, त्यांना हे पाणी कोणी अडवलं याची चौकशी नसते.

पुढे मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, आली. तलाव मालगुजारांकडे आणि पाण्याची वाटणी गावाच्या रिवाजाने. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून हजारोंच्या घरातल्या त्या तळ्यांना 'माजी मालगुजारी' असं नाव पडलं. आता तर सगळे 'मामा तलाव'च म्हणतात. मामाच्या गावाला जायचं ते गाणं म्हणणाऱ्या पोरांना हा मामा कोण ते सांगताना मास्तरांची तारांबळ उडते. त्या वेळी भंडारा मध्य प्रदेशात होता, 1956 साली मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात. 1999 साली गोंदिया जिल्हा वेगळा निघाला आणि नागझिऱ्याचं रान दोन जिल्ह्यांत वाटलं गेलं. वाघाला अर्थात एकच सातबारा.

आता मुक्कामाकडे येऊ. इंग्रजी अमलात मध्य प्रांतातल्या जंगलांचे शिकारीसाठी ब्लॉक पाडलेले असत. परवाना काढायचा, ठरावीक दिवस ब्लॉक आपला. साहेबाचा दौरा घोड्यावरून आणि बैलगाड्यांतून होई, म्हणून वनखात्याने एका दिवसाच्या मजलेवर, पाण्याजवळ, विश्रामगृहं बांधली. जाड भिंती, कौलारू छप्पर, चहूबाजूंनी व्हरांडा, मागे खानसाम्याची खोली. आजही विदर्भातलं जुनं कुठलंही फॉरेस्ट रेस्ट हाउस बघा, नकाशा तोच. व्हरांडा पाण्याकडे का, तर संध्याकाळी वारा तिकडून येतो म्हणून, आणि पाण्यावर येणारं जनावर खुर्चीतून दिसतं म्हणून. यातलं दुसरं कारण कागदावर लिहिलेलं नसे. तळ्याकाठच्या मुक्कामाची सुरुवात अशी झाली. जागा निवडली ती बंदुकीने, आणि पुढे बंदूक गेली तरी जागा तीच राहिली.

फिनलंडमध्ये तळ्याकाठची लाकडी झोपडी ही घरोघरची गोष्ट आहे. अशा उन्हाळी झोपड्या तिथे पाच लाखांच्या आसपास आहेत आणि बहुतेक कुटुंबांच्या मालकीच्या किंवा नात्यागोत्यातल्या. आपल्याकडे असं कधी झालं नाही. इथे तळ्याकाठचं छप्पर सरकारचं, चावी चौकीदाराची आणि रात्र परवान्याची. मुक्काम संपला की वहीत शेरा लिहायचा आणि निघायचं. माझ्या मते हेच बरं झालं. तळ्याकाठी मालकी आली की आधी कुंपण येतं, मग पाटी येते, मग कुत्रं येतं.

1970 साली नागझिरा अभयारण्य झालं. क्षेत्र 152.81 चौरस किलोमीटर. वन्यजीव संरक्षण कायदा अजून दोन वर्षं दूर होता, व्याघ्र प्रकल्प तीन वर्षं. म्हणजे रान राखण्याची कल्पना दिल्लीने देशभर नेण्याआधीच इथे बंदूक थांबली होती. विश्रामगृहाला तेव्हापासून नवा पाहुणा मिळाला. त्याच्याकडे बंदूक नव्हती, दुर्बीणही फार थोड्यांकडे. होती ती रजा. शिक्षक, बँकेतले कारकून, कॉलेजची पोरं, क्वचित नवं लग्न झालेलं जोडपं, आणि त्यांच्यामागे डब्यात तिळाची चटणी बांधून आलेली मोठी कुटुंबं.

आतल्या निवासांची नावं निलय, लताकुंज, मधुकुंज. नाव ठेवणाऱ्या साहेबाला मराठी काव्याची आवड असावी, किंवा त्याच्या घरी कोणाला तरी. नावं ऐकून पाहुणा गुलाबी पडदे डोळ्यांपुढे आणतो आणि पोचल्यावर साधी खोली, खाट, मच्छरदाणी आणि बादली बघून क्षणभर गप्प होतो. वीज नाही. ही नागझिऱ्याची ख्याती. साकोलीहून फार तर 22 किलोमीटर, मागे राष्ट्रीय महामार्गावरून नागपूर-रायपूरचे ट्रक धडधडताहेत, आणि इथे संध्याकाळी सातला कंदील. पुढे सौरदिवे आले, तरी अंधाराचा अंमल मोडला नाही. पंखा नाही म्हणून तक्रार करणारे पाहुणे मी पाहिले आहेत, आणि पंखा नाही म्हणूनच दरवर्षी येणारेही. दुसऱ्या प्रकारचे कमी होते, पण संस्था टिकते ती त्यांच्यावर.

त्या काठावरची रात्र काय होती, हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढच्या पिढीला ती मिळेलच असं नाही. सूर्य डोंगरामागे गेला की आधी माकडं झाडांच्या शेंड्यांकडे सरकतात. चितळांचा कळप मात्र उलट करतो, तो अंधार पडताना माणसांच्या वस्तीकडे येतो. बिबट्या किंवा वाघ माणसाच्या वाऱ्याला बिचकतो, हे त्याला ठाऊक. म्हणून व्हरांड्यापासून हाकेच्या अंतरावर पंचवीस-तीस जनावरं खुशाल रवंथ करत बसलेली असत. आपण त्यांना पाहायला आलो ही समजूत तिथे पुसली जाते. त्यांनी आपला उपयोग करून घेतलेला असतो, फुकटचा राखणदार म्हणून.

मग टिटवी. टिटवी गप्प असेपर्यंत झोपायला हरकत नाही. ती ओरडली की कान टवकारायचे. त्यानंतर रातव्याचा लाकडावर काठी आपटल्यासारखा एकसुरी आवाज, आणि कधीतरी दूर सांबराचा 'पोंक्'. चितळ उगीचच घाबरतं, त्याचं फार मनावर घ्यायचं नसतं. सांबर मात्र सहसा खोटं बोलत नाही. ते एकदा ओरडलं की व्हरांड्यातली कुजबुज थांबे, एकदोन खुर्च्या करकरत आणि सगळे पाण्याकडे तोंड करून बसत. बहुतेक वेळा काहीच दिसत नसे. काळ्या पाण्यावर तारे, काठावर एखादी हलती सावली, ती गव्याची की दगडाची हे सकाळीच कळायचं. त्या काहीच न दिसण्यात जे तास गेले ते माणसं आयुष्यभर सांगत राहिली. जिप्सीतून तीन मिनिटं वाघ बघितलेला माणूस मात्र पुढच्या जेवणापर्यंत लेन्सच्या गोष्टीवर आलेला असतो.

पहाटे मार्च-एप्रिलात मोह टपटपतो. वास दारापर्यंत येतो. अस्वल मोहाच्या झाडाखाली असणार, म्हणून उजाडल्याशिवाय बाहेर पाय टाकायचा नाही, हे चौकीदार रात्रीच दोनदा बजावून ठेवी. आणि रानकुत्री. नागझिऱ्याची खरी धनी तीच. टोळीने सांबराला पाण्याकडे रेटतात, सांबर छातीइतक्या पाण्यात उभं राहतं, टोळी काठावर. हा डाव तासतास चालतो. ज्यांनी तो व्हरांड्यातून बघितला त्यांच्यापैकी निम्म्यांनी तोंड फिरवलं असेल. रान दाखवणारी संस्था म्हणतो ती यासाठी. तिने गोड तेवढंच दाखवलं नाही.

या विश्रामगृहाचा सगळ्यात प्रसिद्ध पाहुणा म्हणजे व्यंकटेश माडगूळकर. पुण्याच्या आकाशवाणीतला हा माणदेशी माणूस एकटा इथे येऊन राहिला, पायी हिंडला, बसून राहिला, चित्रं काढली, आणि 'नागझिरा' हे पुस्तक लिहिलं. मराठी वाचकाच्या मनातला नागझिरा हा त्या पुस्तकातला आहे. कित्येकजण इथे जंगल पाहायला येत नाहीत, ते पुस्तकातली जागा पाहायला येतात आणि तळ्याचा आकार पुस्तकातल्यासारखा नाही म्हणून हिरमुसतात. माडगूळकरांना जे मिळालं त्यातलं अर्धं जंगलाचं होतं, अर्धं एकटेपणाचं. एकटेपणाचं बुकिंग कुठल्याच खिडकीवर होत नाही.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पक्ष्यांचे जाणकार किरण पुरंदरे यांनी नागझिऱ्यात चारशे दिवस काढले आणि 'सखा नागझिरा' लिहिलं. चारशे दिवस म्हणजे एक पावसाळा त्यात धरूनच. पाहुण्यांना बंद असलेलं रान पाहिलेली माणसं फार थोडी, ते त्यांतले. पुढे त्यांनी पुणं सोडलं आणि पिटेझरीला घर केलं. या वाटचालीत ती गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जंगलाला सगळ्यात जास्त जीव लावणारा माणूस राहायला आला तो जंगलाच्या आत नव्हे, दाराशी, गावात.

नवेगावचं थोडक्यात सांगतो, कारण त्या तळ्यावर लिहिणाऱ्यांनी काही शिल्लक ठेवलेलं नाही. 1975 साली तिथे 133.88 चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान झालं. मारुती चितमपल्ली तिथे वनाधिकारी होते, आणि माधवराव पाटील डोंगरवारांसारखा जंगलाची नस जाणणारा माणूस त्यांना तिथे भेटला. सोलापूरच्या माणसाला पक्ष्यांची, झाडांची, माशांची स्थानिक नावं या पाण्याच्या काठी मिळाली आणि मराठीला एक शब्दकोशच मिळाला. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी 18 जूनला ते गेले. नवेगावला लॉग हट झाल्या, टेकडीवर बाग झाली, बोटी आल्या, शाळांच्या सहली आल्या. नागझिरा एकांताचा, तर नवेगाव जत्रेचा, अशी वाटणी आपोआप पडली. जत्राही हवी. ज्या पोराने सहलीत पहिल्यांदा लाकडी झोपडीत पाय ठेवला, त्याला पुढे नागझिऱ्याची वाट विचारावीशी वाटते. माझा राग आहे तो इतरत्र निघालेल्या नकली लॉग हटांवर. सिमेंटचे ओंडके, त्यावर तपकिरी रंग, रंगावर झाडाच्या वयाची वर्तुळं काढलेली, आणि आत एसी. सागाच्या मुलखात सिमेंटचा साग.

आता 2012. त्या वर्षी 24 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन अंतरिम आदेशाने थांबवलं. ऑक्टोबरात राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 16 तारखेला बंदी उठली. सूचनांतल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या. गाभ्याचा जास्तीत जास्त वीस टक्के भागच पर्यटनाला खुला ठेवायचा. आणि गाभ्यात नवं बांधकाम करायचं नाही, तसंच पर्यटकांसाठी असलेली कायमची बांधकामं टप्प्याटप्प्याने बंद करत आणायची. नागझिऱ्याला तेव्हा यातलं काही लागूच नव्हतं, कारण तो व्याघ्र प्रकल्प नव्हता. चौदा महिन्यांनी झाला. 12 डिसेंबर 2013 रोजी नवेगाव राष्ट्रीय उद्यान, नवेगाव अभयारण्य, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका असे पाच तुकडे मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. देशातला 46 वा, महाराष्ट्रातला पाचवा. मेळघाट 1973 च्या पहिल्या नऊ प्रकल्पांत होता, आम्हाला चाळीस वर्षं लागली.

त्या दिवशी तळ्याकाठच्या व्हरांड्याचं भवितव्य ठरलं. एका रात्रीत कुलूप लागलं असं कोणी समजू नये. पण त्या दिवसापासून ते घर सरळ रेषेत वाढणार नव्हतं. नवी खोली नाही, नवा मजला नाही. जी संस्था वाढू शकत नाही तिची वाटचाल आपल्याकडे कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो आहे.

ओरड झाली. जुने पाहुणे हळहळले, त्यांचं दुःख खरं होतं. मीही त्यांच्यातलाच. पण हिशेब मांडला की बाजू फिरते. मे महिन्यात पाण्याच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरतात. त्यातल्या सगळ्यात मोठ्या काठावर रात्रभर माणसं, दिवे, गाड्या, स्वयंपाकाचा धूर. जे जनावर तिथे रात्री येणार ते थांबून राहतं, किंवा येतच नाही. चितळांनी आपला उपयोग करून घेतला असं मी वर कौतुकाने लिहिलं. त्याची दुसरी बाजू अशी, की चितळांना ज्याची भीती त्याला आपण पाण्यापासून लांब ठेवत होतो. नागझिऱ्यासारख्या, वाघ कमी असलेल्या रानाला हे परवडणारं नव्हतं.

वाघ कमी का, याचं उत्तर विश्रामगृहात नाही, रस्त्यांवर आहे. नागझिऱ्यात जन्मलेला जय नावाचा वाघ 2013 साली इथून निघाला आणि शेतं, रस्ते, नद्या ओलांडत उमरेड-कऱ्हांडल्याला पोचला. तिथे तो देशभर गाजला आणि एप्रिल 2016 नंतर कोणाला दिसला नाही. तरुण नर बाहेर पडतो हे निसर्गच. पण बाहेरून इथे येणाऱ्याला महामार्ग आडवा येतो. राष्ट्रीय महामार्ग 53 नागझिरा आणि नवेगाव यांच्या मधून जातो. मग माणसानेच वाघ आणून सोडायचं ठरवलं. मे 2023 मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या, एप्रिल 2024 मध्ये तिसरी. म्हणजे बघा, इथे मुक्कामाची परवानगी ज्यांना मिळाली, त्या नव्या पाहुण्या वाघिणी.

माघार फक्त पर्यटकांनी घेतली नाही, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. नवेगावच्या रानातली कवलेवाडा, कालीमाटी आणि झनकारगोंदी ही गावं उठली आणि सौंदडजवळ श्रीरामनगरला वसली. पर्यटकाचा मुक्काम दहा-पंधरा किलोमीटर मागे आला तर त्याची सुट्टी थोडी फिकी होते. या गावकऱ्यांचं अख्खं गाव गेलं, गावाबरोबर देवाची जागा, मोहाची झाडं, मासोळीचं पाणी. व्हरांडा गेला म्हणून हळहळणाऱ्याने हे वजन दुसऱ्या पारड्यात टाकून बघावं.

आणि 8 एप्रिल 2021. त्या दिवशी नागझिऱ्याच्या रानात वणवा पेटला आणि तो विझवताना तीन हंगामी वनमजूर होरपळून मेले. उन्हाळ्यातल्या नागझिऱ्याला आम्ही प्रेमाने पानगळीचं रान म्हणतो, फोटो काढतो. ती पानगळ म्हणजे गुडघाभर सुकं जळण असतं. डहाळीने आग झोडपणारी, रोजंदारीवरची, आमच्याच गावांकडची माणसं आत होती. विश्रामगृहाच्या वहीत मंत्र्यांचे, साहेबांचे, लेखकांचे शेरे असतात. या रानात सगळ्यात जास्त रात्री काढलेल्या माणसांचा शेरा तिथे सापडायचा नाही.

आज पाहुणा कुठे राहतो? पिटेझरीच्या दारापाशी, चोरखमाऱ्याकडे, मंगेझरीकडे, उमरझरीच्या बाजूला, साकोलीत, बोदलकशाच्या तलावाकाठी. पर्यटन महामंडळाचं निवास आहे, खासगी रिसॉर्ट आहेत आणि हळूहळू घरगुती मुक्काम वाढताहेत. 2015 सालापासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून काठावरच्या गावांना गॅस, कुंपण, रोजगार असं काही ना काही मिळू लागलं. गाइड गावचे, जिप्सी बऱ्याचशा गावच्या. ज्या पोराचा आजा हाकाऱ्यात डबा वाजवायचा, तो आज पाहुण्याला नवरंग आणि स्वर्गीय नर्तक यांतला फरक सांगतो. यात सगळं आलबेल आहे असं नाही. रिसॉर्टवाला बाहेरचा आणि भांडी घासणारी आमची, अशी विभागणी बऱ्याच ठिकाणी आहे. लग्नाचा डीजे जंगलाच्या दारापर्यंत येतो. पोहण्याचा हौद बांधून त्याच्या काठी 'जलविहार' अशी पाटी लावणाऱ्याला पलीकडची बोडी दिसत नाही.

पण घरगुती मुक्काम जमला तर काय होतं तेही सांगतो. पाहुणा परसात खाटेवर झोपतो. बोडी पन्नास पावलांवर, तिच्यात सिंगाडा, काठाला ढिवराचं जाळं वाळत घातलेलं. जेवायला भंडाऱ्याचा चिन्नोर, त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण आम्हाला तो मानांकनाच्या आधीपासून वासावरून कळतो. बरोबर लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी. रात्री टिटवी इथेही ओरडते. आजी अंधारात बसल्या बसल्या विचारते, "काऊन गा, झोप नाही येत?" आणि मग तलाव फुटला त्या वर्षीची गोष्ट सांगते, ज्यात वाघ आहे, पूर आहे आणि पाटलाची चूकही आहे. विश्रामगृहाच्या चौकीदाराला साहेबापुढे एवढं बोलायची सोय नव्हती.

तळ्याकाठच्या व्हरांड्यातून पाणी दिसायचं. गावातल्या खाटेवरून ते पाणी कोणी अडवलं, कोणाच्या शेताला जातं, कोणाची मासोळी, कोणाचं भांडण, हे कळतं. मला विचाराल तर मुक्काम मागे आला त्यात पाहुण्याचं नुकसान झालं नाही. झालं असेल तर एवढंच, की सांबराचा 'पोंक्' आता लांबून येतो.

यायचं असेल तर जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर सोडून या. त्या तीन महिन्यांत गाभ्याची दारं बंद असतात. जंगल बघायचंच नसेल, नुसतं तळ्याकाठी राहायचं असेल, तर मात्र जुलैतच या. रोवणी चालू असते, पार हिरवी होते, सलंगावरून पाणी पडतं आणि घरी माणूस सापडत नाही, सगळे चिखलात असतात. मुक्कामाची सोय आणि प्रवेशाचे नियम दर हंगामाला बदलतात, तेव्हा निघण्याआधी वनखात्याकडे विचारून घ्या. साकोलीला उतरा, एकोडीची गाडी धरा, आणि कोणत्या एकोडीला जायचं आहे ते कंडक्टरला दोनदा सांगा. बॅटरी आणा, पण रात्री बोडीवर तिचा झोत मारू नका.